कुनिएदासान ब्रेक दाबतात

गल्लीच्या सभेत चहाचे पैसे द्यायला कुनिएदांनी पाकीट उघडलं आणि त्यातून त्यांचा वाहन परवाना निसटून टेबलाच्या मधोमध पडला. पालथा पडला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. तो उताणा पडला, आणि त्यावरची सोनेरी पट्टी ट्यूबलाइटखाली चकाकली.

सलग पाच वर्षं नावावर एकही गुन्हा नसेल तर परवान्यावर निळ्याऐवजी सोनेरी पट्टी मिळते. कुनिएदांच्या नावावर चोवीस वर्षांत गुन्हा नव्हता, कारण चोवीस वर्षांत ते एकदाही स्टिअरिंगला बसले नव्हते. कॉलेजात सगळे काढतात म्हणून त्यांनी परवाना काढला, मग तोक्योत नोकरी लागली, आणि तोक्योत गाडी कशाला लागते? सरकार मात्र ठरल्या वेळी त्यांना बोलावत होतं, डोळे तपासत होतं आणि आदर्श चालक म्हणून नवी पट्टी हाती देत होतं. अशी माणसं देशात पुष्कळ आहेत. ती आपला परवाना टेबलावर पाडत नाहीत, एवढंच.

गल्लीचे अध्यक्ष तोकिता, निवृत्त पोस्टमास्तर, यांनी तो परवाना व्हिजिटिंग कार्ड घ्यावं तसा दोन्ही हातांनी उचलला. सभा गेला तासभर ज्या विषयावर अडली होती तो विषय वाहतूक सुरक्षा प्रमुख नेमण्याचा होता. नाव सुचवायची वेळ आली की सगळे जण खालच्या चटईकडे बघत होते.

"आपल्यातच सोनं होतं," तोकिता म्हणाले, "आणि आपण चटईत शोधत होतो."

कुनिएदा म्हणाले, छे, मला गाडी चालवता येत नाही. हे त्यांनी अक्षरशः खरं सांगितलं. पण त्याच सभेत थोड्या वेळापूर्वी बँकेतून निवृत्त झालेल्या मॅनेजरने, मला हिशेबातलं काही कळत नाही, असं म्हणून खजिनदारपद स्वीकारलं होतं. पुष्परचनेचे वर्ग चालवणाऱ्या बाईंनी, फुलं म्हणजे माझ्या हाती नुसती वाया जातात, असं म्हणून सजावट अंगावर घेतली होती. त्यामुळे कुनिएदांचं वाक्य सर्वांना योग्य आणि वेळेवर आलेलं वाटलं. त्यांनी ते पुन्हा म्हटलं. माना आणखी खाली झुकल्या. तिसऱ्यांदा त्यांनी, खरंच सांगतो, मला ब्रेक कुठला तेही आठवत नाही, असं म्हटल्यावर तर खजिनदारांनाही थोडी लाज वाटली, कारण नम्रतेत त्यांनी एवढी मजल मारली नव्हती. नेमणूक टाळ्यांनी मंजूर झाली.

काम फार नव्हतं. वसंतातली सुरक्षा मोहीम सुरू झाली की शाळेच्या मैदानात लहान मुलांसमोर एक प्रात्यक्षिक होतं. उभ्या ट्रकच्या आडून चेंडू येतो, चेंडूमागे कापडी बाहुली येते, समोरून गाडी येते. गाडी प्रमुखाने चालवायची. "तुम्ही यायचं आणि ब्रेक दाबायचा," तोकिता म्हणाले. "तुमच्यासारख्याला त्यात काय आहे?"

कुनिएदा हिवाळ्यातच बदली होऊन या गावात आले होते. ऑफिसला सायकलने जात. घरची छोटी पांढरी गाडी त्यांची बायको चिझुरु चालवायची आणि ते शेजारी बसायचे. त्यावरही गल्लीत मत तयार होतं, हे आता कळलं. शेजारचे गामो, ज्यांचं दारूचं दुकान होतं आणि जे सबंध गल्लीला बाटल्यांचे क्रेट पोचवायचे, त्यांनी कुंपणावरून सांगितलं की आम्हाला आधीच संशय होता. सोन्यासारखा हात असून बायकोला गाडी शिकू देतो आणि तोंडातून शब्द काढत नाही, असा माणूस आपण पाहिला नाही. आपली बायको चालवत असली तर आपण दर वळणावर ओरडतो.

चिझुरु नवऱ्यापेक्षा बरीच चांगली गाडी चालवते, ही गोष्ट यानंतर गल्लीत कुणाला सांगण्यासारखी उरली नाही. तिने नवऱ्याला एकच सल्ला दिला. "अहो, उद्या तोकितांच्या घरी जा, दारात उभे राहा, आणि येत नाही म्हणून सांगा. आत बसू नका. आत बसलात की चहा येईल आणि मग तुम्ही नम्र व्हाल."

ते जाणारही होते. पण सकाळी कोतोहा, त्यांची दुसरीतली मुलगी, एकटीच शाळेला निघायच्या ऐवजी दारात उभी होती, आणि फाटकापाशी दोन मुली तिला न्यायला आल्या होत्या. शाळा बदलल्यापासून तिला न्यायला कुणी आलं नव्हतं. कोपऱ्यापासून पुढे मुलं रांगेने जातात, त्यात ती नेहमी शेवटी असायची, तिच्या मागे कुणी नाही आणि पुढच्याची फक्त पाठ. त्या दोघींपैकी एकीने कुनिएदांना वाकून नमस्कार केला आणि विचारलं, सोनेरी परवाना असलेले बाबा तुम्हीच का. कोतोहाने उत्तर वडिलांना देऊच दिलं नाही.

"हेच," ती म्हणाली. "मैदानात गाडी हेच चालवणार आहेत."

कुनिएदा तोकितांकडे गेले नाहीत. त्यांनी नदीपलीकडच्या ड्रायव्हिंग स्कूलला फोन केला.

तिथे तातारा नावाच्या बाई वाट्याला आल्या. साठीच्या, तोंडात कायम खडीसाखरेची गोळी. शेवटची गाडी कधी चालवलीत, असं त्यांनी विचारलं. कुनिएदांनी सांगितलं. बाईंनी आपला पट्टा पुन्हा एकदा ओढून पाहिला. शिक्षकाच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. पहिल्या दिवशी तो बाईंनी इतक्या वेळा वापरला की कुनिएदांची टोपी काचेला जाऊन चिकटली आणि त्यांनी ती तिथेच राहू दिली.

"कुनिएदासान," बाई उतरताना म्हणाल्या, "तुम्ही सोनेरी नाही. कोरे आहात."

यातला अपमान कुनिएदांनी गिळला, कारण त्या सभेनंतर पहिल्यांदाच कुणीतरी त्यांचं म्हणणं खरं मानलं होतं. शाळेतलं प्रात्यक्षिक आहे म्हटल्यावर बाईंनी मुलांचाच धडा धरला. मुलं दिसली की पाय ब्रेकवर. उभी गाडी असून मुलं दिसत नसली तर पाय त्याहून आधी ब्रेकवर. उभ्या ट्रकच्या खालून बघायचं, आधी पाय दिसतात. एक मूल पळत गेलं की दुसरं त्याच्या मागे असणारच, ते रस्ता बघत नाही, पहिल्याला बघतं. झेब्रा पट्ट्यांपाशी मूल उभं असलं की थांबायचं, ते बूट बांधत असलं तरी थांबायचं. हे सगळं त्या अशा कंटाळलेल्या आवाजात सांगायच्या, जणू भाजी चिरून झाल्यावर सुरी धुवायची असते. शिवाय एक सूचना होती: गाडीला नवशिक्याचं पान लावा.

हे पान म्हणजे हिरव्या-पिवळ्या रंगाचं चुंबकाने चिकटणारं चिन्ह. पहिल्या वर्षीच्या ड्रायव्हरने ते लावायचंच असतं, आणि कुनिएदांसारख्यांनी लावलं तर उत्तमच. पण वाहतूक सुरक्षा प्रमुखाच्या गाडीवर कोवळं पान गल्लीने पाहिलं तर? कुनिएदांनी मध्यममार्ग काढला. शेजारच्या वस्तीतल्या एका दुकानाच्या आवारात गाडी थांबवायची, इकडेतिकडे बघून पान लावायचं, सराव करायचा, परत येताना त्याच आवारात इकडेतिकडे बघून पान काढायचं. माणसाची अब्रू वाचवायला असे उपाय नेहमीच उपयोगी पडतात, निदान ते करताना तरी तसं वाटतं.

सरावासाठी ते ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन शाळा सुटण्याच्या वेळेला निघायचे, कारण मुलं त्याच वेळेला असतात. देवदाराच्या परागांचा मोसम होता, म्हणून नाकावर मास्क. ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून डोक्यावर टोपी. गाडी हळू. प्रत्येक झेब्रापाशी पूर्ण थांबा. मागच्याने भोंगा वाजवला की मागच्याला आरशातून वाकून माफी, पण थांबा तसाच. उभा टेम्पो दिसला की मान स्टिअरिंगच्या खाली घालून त्याच्या चाकांमधून बघणं. गंमत म्हणजे मुलं गोंधळायची. थांबलेली गाडी बघायची त्यांना सवय नसावी. सबंध रांग काठावर उभी राहून गाडीकडे बघायची, आणि गाडी रांगेकडे. मग कुनिएदा काचेआडून हात हलवून, या या, जा जा, असं सुचवायचे.

आठवडाभरात त्यांना खरोखर गाडी येऊ लागली. तातारा बाईंच्या पायाखालचा ब्रेक दोन धड्यांत एकदाही दाबला गेला नाही. बाईंनी त्यांना एक खडीसाखरेची गोळी दिली, जी त्या सहसा कुणाला देत नसत.

त्याच रात्री जेवताना चिझुरुच्या फोनवर शाळेचा संदेश आला. पालकांना असे संदेश येतच असतात, अनोळखी माणसाने मुलांना नमस्कार केला तरी येतात. तिने वाचायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर तिचा आवाज बारीक झाला. शाळेभोवती एक संशयास्पद पांढरी छोटी गाडी फिरत आहे. चालक पुरुष, चाळिशीचा, टोपी, मास्क. मुलं दिसताच गाडी थांबवतो, मुलांकडे टक लावून बघतो, उभ्या वाहनांखाली वाकून बघतो, हातवारे करून बोलावतो. गाडीवरची खूण बदलत असल्याचं एका दुकानदाराने पाहिलं आहे.

"ती गाडी दिसली की दप्तराला लावलेली धोक्याची घंटी ओढा, असं वर्गाच्या बाईंनी सांगितलंय," कोतोहा भात खाता खाता म्हणाली. "बाबा तिला पकडणार आहेत, असं मी वर्गात सांगितलं."

चिझुरुने नवऱ्याकडे बघितलं आणि मुळ्याचं लोणचं त्यांच्या पुढ्यात सरकवलं. काही प्रसंगी याहून जास्त काही करता येत नाही.

सराव तिथेच थांबायला हवा होता. पण प्रात्यक्षिक तोंडावर आलं होतं, आणि ज्याच्या मुलीने वर्गात एवढं सांगून ठेवलंय त्याला मधेच सोडून कसं चालेल? दुसऱ्या दिवशी कुनिएदा टोपी न घालता निघाले, म्हणजे संशय येणार नाही. शाळेमागच्या झेब्रापाशी पहिलीतल्या मुलांची एक रांग उभी होती, पिवळ्या टोप्या घालून. कुनिएदा थांबले. रांगेने त्यांच्याकडे बघितलं, आणि मग एकामागून एक सगळ्या दप्तरांच्या घंट्या वाजू लागल्या. ज्यांनी तो आवाज जवळून ऐकला नसेल त्यांना सांगून उपयोग नाही. घरांच्या खिडक्या उघडल्या. कुनिएदांनी आयुष्यात पहिल्यांदाच ॲक्सिलरेटर मुळापर्यंत दाबला आणि त्या अरुंद रस्त्यावरून, पुढच्या झेब्रावरून, कुठेही न थांबता सुसाट निघून गेले. त्या पुढच्या झेब्रापाशी एक आजोबा नातवाचा हात धरून उभे होते. ते एक पाऊल मागे सरकले आणि त्यांनी कुनिएदांकडे बघितलंसुद्धा नाही. कुनिएदांच्या गाडी चालवण्यात त्या दिवशी कुणालाही वावगं वाटलं नाही, असं तेवढंच होतं.

संध्याकाळी तातडीची सभा बसली. चौकीतला हवालदारही आला. तोकितांनी ठराव मांडला की संशयिताला शोधायला गस्त घालावी आणि गस्तीचं नेतृत्व वाहतूक सुरक्षा प्रमुखांनी करावं. गामोंनी सांगितलं की आपल्या हाताला तो लागला तर बघायला नको. मग ते हसून म्हणाले, गाडीचं वर्णन अगदी कुनिएदासानच्या बायकोच्या गाडीसारखं आहे हो, आणि सगळे मनापासून हसले, कारण अशा गाड्या गल्लीत घरटी एक होत्या.

कुनिएदा उठले. गस्त घालून स्वतःला शोधायचं, हे त्यांच्याच्याने होणार नव्हतं. शिवाय आता सांगितलं नाही तर उद्या दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असतं, आणि ते कोतोहाला वर्गात ऐकावं लागलं असतं.

"तो माणूस मी आहे," ते म्हणाले. "मला माफ करा."

आणि ते कपाळ चटईला लागेपर्यंत वाकले.

मग तोकिता बोलले तेव्हा त्यांचा आवाज जड झाला होता. आपल्या हद्दीत मुलांना भीती वाटली, याचा दोष प्रमुखाने असा स्वतःवर घ्यावा, असं त्यांनी पोस्टातल्या सबंध नोकरीत पाहिलं नव्हतं. हल्ली मंत्रीसुद्धा असं करत नाहीत. पुष्परचनेच्या बाईंनी डोळे टिपले. कुनिएदांनी चटईवरूनच सांगायचा प्रयत्न केला की, तसं नाही, मी खरोखरच तो आहे, टोपी घरी आहे, आणून दाखवू का. तोकितांनी त्यांचे खांदे धरून त्यांना उठवलं आणि म्हटलं, पुरे, आता आम्हाला लाज वाटते.

फक्त हवालदाराने ते जसं होतं तसं ऐकलं. बाहेर बूट घालताना तो कुनिएदांच्या शेजारी बसला.

"खरंच तुम्ही ना?"

"हो."

"वाटलंच. एका मुलाने नंबर सांगितला होता. मी पाहून आलो." त्याने बुटाची नाडी आवळली. "तुम्ही एकही नियम मोडलेला नाही. खरं म्हणजे या भागात झेब्रापाशी थांबणारी तीच एक गाडी होती."

"मग?"

"मग काही नाही. पण लोकांना अस्वस्थ वाटतं. जरा सगळ्यांसारखी चालवा, कुनिएदासान. मोहिमेच्या आठवड्यात थांबलात तर कुणी काही म्हणणार नाही. तेव्हा आमची माणसं असतात."

प्रात्यक्षिकाच्या सकाळी मैदानावर मुलं रांगा करून जमिनीवर बसली होती. कोतोहा दुसऱ्या रांगेत, दोन्ही बाजूंना त्या दोन मैत्रिणी. गामोंचा ट्रक मधे उभा. ट्रकच्या आड ढकलगाडीवर ठेवलेली बाहुली, पिवळी टोपी, पाठीवर खरंखुरं लाल दप्तर. तोकितांनी आपली जुनी गाडी दिली होती, जिचं पुढचं तोंड आधीच चेपलेलं होतं. ते का, हा प्रश्न कुनिएदांना तेव्हा पडायला हवा होता. तोकितांनी माइकवरून सांगितलं की आता सोनेरी परवान्याचे कुनिएदासान येत आहेत, टाळ्या वाजवा.

कुनिएदा आले. वेग बरोबर. ट्रकच्या आडून चेंडू घरंगळला, आणि चेंडू दिसताच त्यांचा पाय ब्रेकवर गेला. गाडी बऱ्याच अंतरावर थांबली. त्यानंतर बाहुली सावकाश बाहेर आली, गाडीसमोरून आरामात पलीकडे गेली आणि फुटबॉलच्या खांबाला टेकून थांबली. कोतोहाने टाळी वाजवली आणि दुसरं कुणी वाजवत नाही, हे पाहून हात मांडीखाली घेतले.

"नेहमी असं होत नाही," तोकिता माइकवर म्हणाले.

दुसऱ्या खेपेला त्यांनी चेंडू वगळून नुसतीच बाहुली सोडायला सांगितली. पण कुनिएदांना ट्रकच्या खालून ढकलगाडीची चाकं हललेली दिसली. गाडी पुन्हा थांबली. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, मग पुष्कळ जण हसले. तोकिता माइक बाजूला ठेवून खिडकीशी आले आणि आधी वाकले.

"कुनिएदासान, बाहुलीला धडक बसायला हवी. त्याशिवाय मुलांनी काय शिकायचं?"

"तुम्ही ब्रेक दाबायला सांगितलं होतं."

"दाबायचाच आहे. उशिरा दाबायचा आहे."

"मला उशिरा दाबता येत नाही."

हेही त्यांनी खरंच सांगितलं, आणि तोकितांनी नेहमीप्रमाणे पाठीवर थोपटून त्यांना तिसऱ्या खेपेला पाठवलं. या वेळी कुनिएदांनी ठरवलं होतं. धडक द्यायची आणि मोकळं व्हायचं. ते आले, बाहुली आली, लाल दप्तर त्यांच्याकडे वळलं. पायाने त्यांना विचारलं नाही. गाडी बाहुलीपासून हातभर अंतरावर थांबली आणि इंजिन बंद पडलं.

मग गामो पुढे आले. रबरी सपाता तशाच पायात ठेवून ते गाडीत बसले, खिडकीतून एक कोपर बाहेर ठेवलं आणि म्हणाले, एवढं काय त्यात. त्यांना सरावाची गरज पडली नाही. बाहुली ट्रकवरून उडून झोपाळ्यापाशी पडली, टोपी एकीकडे, दप्तर दुसरीकडे. मुलांच्या तोंडून एकच आवाज निघाला, पहिलीतली दोघं रडायला लागली, आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला. मुख्याध्यापिकेने गामोंचे आभार मानले आणि सांगितलं की मुलांना हे आता कधीच विसरता येणार नाही. तोकितांनी कुनिएदांना बाजूला घेऊन पुष्कळ आदराने सुचवलं की ऑफिसचं काम वाढलं असेल, तेव्हा प्रमुखपदाचा भार गामोंवर टाकायला हरकत नसावी. कुनिएदांनी लगेच होकार दिला. त्यावर तोकितांचा चेहरा थोडा उतरला. एकदा तरी नाही म्हणायची रीत असते.

शाळा सुटल्यावर कोतोहा वडिलांबरोबर निघाली. त्या दोन मुली त्यांच्यापासून बरंच अंतर ठेवून पुढे चालल्या होत्या आणि बाहुली कशी उडाली, ते एकमेकींना हातांनी दाखवत होत्या.

"गामोकाकांना एकदाच जमलं," कोतोहा म्हणाली. "तुम्हाला तीनदा दिलं होतं, बाबा."

"मी तीनदा थांबलो."

"पण थांबायचं नव्हतं ना."

मोठ्या रस्त्याच्या झेब्रापाशी दोघं उभी राहिली. कोतोहाने शिकवल्याप्रमाणे हात सरळ वर केला. एक गाडी गेली, मग दुसरी, मग एक बस. मग शाळेच्या बाजूने गामोंचा ट्रक आला, मागे क्रेट खडखडत. गामोंनी त्या दोघांना ओळखलं. स्टिअरिंगवर जवळजवळ कपाळ टेकेल इतकं वाकून त्यांनी नमस्कार केला, आणि ट्रक त्याच वेगात पट्ट्यांवरून पुढे गेला.

कोतोहाने हात वरच ठेवून त्यांना वाकून नमस्कार केला.